छोट्या स्वयंपाकघरासाठी परवडणारा ड्रायर : निवडीपासून जोडणीपर्यंत

कपडे वाळवण्याचे यंत्र घ्यायला निघालेला माणूस बहुधा दोनच आकडे पाहतो : किंमत आणि किलो. घर ऐसपैस असेल तर तेवढ्यावर भागतेही. परंतु यंत्र ठेवायला स्वयंपाकघराखेरीज दुसरी जागाच नसेल, आणि तिथेही ओटा, फ्रीज व सिंक यांनी भिंती आधीच वाटून घेतल्या असतील, तर निवड ठरवणारा प्रश्न निराळा असतो. कपड्यांतून निघालेले पाणी जाणार कुठे? भिंतीतून बाहेर, टाकीत, सांडपाण्याच्या पाइपात, की स्वयंपाकघराच्या हवेत? याचे उत्तर ठरले की बाजारातील निम्मी यंत्रे यादीतून आपोआप गळतात आणि उरलेल्यांतून स्वस्त कोणते हे शोधणे सोपे जाते. पुढील पायऱ्या याच क्रमाने लिहिल्या आहेत. त्या शक्यतो मागेपुढे करू नयेत, कारण सवलतीचे लेबल आधी पाहिले की मन तिथेच अडकते आणि मग मापेसुद्धा त्या यंत्राच्या सोयीने घेतली जातात.

१. आधी पाण्याचा हिशेब मांडा

कोरड्या सुती कपड्यांचे वजन ४ किलो धरू. वॉशिंग मशीनने ते मिनिटाला १००० फेऱ्यांच्या वेगाने पिळले, तर त्यांत कोरड्या वजनाच्या सुमारे ६० टक्के, म्हणजे जवळजवळ अडीच लिटर पाणी उरते. १४०० फेऱ्यांना हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास येते आणि ८०० फेऱ्यांना ७० टक्क्यांच्या घरात जाते. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६५ ते ०.७ युनिट इतकी उष्णता लागते. हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे आणि त्यातून कोणत्याही कंपनीला सूट नाही. काही यंत्रे तीच उष्णता पुन्हा वापरतात, एवढाच काय तो फरक. याउलट, तेच लिटरभर पाणी पिळून काढायला लागणारी वीज अगदी नगण्य असते.

म्हणून ड्रायर पाहायला जाण्यापूर्वी घरातील वॉशिंग मशीन कोणत्या वेगाने पिळते ते पाहावे. अनेक यंत्रांत वेग कमी करून ठेवलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही नसते. टॉवेल, चादरी, सुती कपडे यांना यंत्राचा सर्वाधिक वेग द्यावा. लोकरी आणि नाजूक कपड्यांना मात्र तो देऊ नये. वॉशिंग मशीन जुने असून ८०० च्या वर जातच नसेल, तर स्वतंत्र स्पिनर हा पर्याय विचारात घेण्यासारखा आहे. मिनिटाला २८०० फेऱ्या घेणारे उभे स्पिनर मिळतात. ते कपडे वाळवत नाहीत, पण काही मिनिटांत इतके पाणी काढतात की पुढचे काम निम्म्यावर येते.

याच वेळी एक साधी नोंद ठेवावी. आठवड्यातून किती वेळा कपडे धुतले जातात, प्रत्येक वेळी कोरडे वजन साधारण किती भरते, आणि त्यांपैकी किती कपडे ड्रायरमध्ये घालण्याजोगे आहेत. हे शेवटचे कपड्याच्या आतील चिठ्ठीवरून कळते. चौकोनात वर्तुळ आणि त्यात एक ठिपका असेल तर कमी उष्णता, दोन ठिपके असतील तर सामान्य उष्णता, आणि त्यावर फुली असेल तर तो कपडा ड्रायरमध्ये घालायचा नाही. पुष्कळांच्या बाबतीत फुलीवाल्या कपड्यांचा ढीग अपेक्षेपेक्षा मोठा निघतो.

२. खरोखर ड्रायरच हवा आहे का, हे ठरवा

एकट्या माणसाला किंवा दोघांना, आठवड्यातून दोन वेळा धुणे असेल तर घडीचा वाळत स्टँड आणि हवेतील दमटपणा शोषणारे यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, ही जोडी पुरते. असे घरगुती यंत्र साधारण २०० ते ३०० वॉट घेते, दार बंद केलेल्या खोलीत रात्रभर चालते, आणि एरवी भिंतींची ओलही कमी करते. अडचण एवढीच की स्टँड स्वयंपाकघरात लावला तर फोडणीचा वास कपड्यांत मुरतो. त्यामुळे ही सोय दुसरी एखादी खोली रात्रीपुरती मोकळी असेल तरच करावी. लहान मुले, आजारी माणूस, रोजच्या चादरी, किंवा महिनोन्‌महिने ओलसर राहणारी हवा, यांपैकी काही असेल तर ड्रायर घेण्यात उधळपट्टी नाही.

३. पाणी कुठे जाणार त्यावरून प्रकार निवडा

व्हेंटेड ड्रायर. हा सर्वांत साधा आणि खरेदीला सर्वांत स्वस्त. खोलीतील हवा आत ओढून ती तापवायची, कपड्यांतून फिरवायची आणि दमट झाली की सुमारे १० सेंटिमीटर व्यासाच्या नळीतून बाहेर सोडायची, एवढेच त्याचे काम. ३ ते ४ किलोची अगदी लहान यंत्रे बहुतेक याच प्रकारची असतात. पण ही नळी घराबाहेर गेलीच पाहिजे. भिंतीत भोक पाडण्याची परवानगी नाही म्हणून ती नळी खिडकीच्या फटीतून लोंबती ठेवली जाते, किंवा तीही सोय नसल्यास लहान बादलीत पाणी घालून तिच्यात सोडली जाते. पहिल्या उपायात अर्धी वाफ परत आत येते. दुसऱ्यात बरीचशी वाफ खोलीतच राहते, शिवाय कापडाची लव जिथे तिथे साचते. काही दिवसांतच कपाटांच्या मागच्या कोपऱ्यांत काळे ठिपके दिसू लागतात. नळी बाहेर नेण्याची पक्की सोय नसेल तर व्हेंटेड यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

या प्रकाराचा आणखी एक धोका खास स्वयंपाकघराचा आहे आणि दुकानात तो सहसा कोणी सांगत नाही. व्हेंटेड ड्रायर तासाला शंभराहून अधिक घनमीटर हवा खोलीतून बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यावी लागते. त्याच खोलीत खोलीतलीच हवा घेऊन जळणारा आणि धूर चिमणीने वर सोडणारा गॅस गीझर किंवा बॉयलर असेल, आणि दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर ड्रायरच्या ओढीने चिमणीतील धूर उलटा खोलीत येऊ शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो आणि तो प्राणघातक आहे. अशी उपकरणे असलेल्या खोलीत व्हेंटेड ड्रायर बसवण्याआधी गॅसचे काम करणाऱ्या अधिकृत तंत्रज्ञाला जागा दाखवणे अत्यावश्यक आहे.

कंडेन्सर ड्रायर. यात दमट हवा बाहेर न सोडता आतच थंड केली जाते. वाफेचे पाणी होते आणि ते एका खणासारख्या टाकीत साठते. भिंतीत भोक नको, म्हणून भाड्याच्या घराला सोयीचा. मात्र हवा थंड करण्यासाठी तो खोलीतील हवा वापरतो, त्यामुळे खोली चांगलीच तापते आणि वाफेचा काही अंश झिरपून बाहेर येतोच. लहान स्वयंपाकघरात दार लावून हा तासभर चालला तर खिडकीच्या काचेवर थेंब धरतात. खरेदीची किंमत मध्यम, पण विजेचा खर्च व्हेंटेडइतकाच किंवा थोडा अधिक. माझे मत विचाराल तर हा प्रकार आता ना धड स्वस्त, ना धड काटकसरीचा.

हीट पंप ड्रायर. फ्रीजमध्ये असते तशी कॉम्प्रेसर आणि वायूची बंद व्यवस्था यात असते. एका बाजूने ती दमट हवा थंड करून पाणी वेगळे करते आणि दुसऱ्या बाजूने तीच हवा पुन्हा तापवते. वाफ होताना गेलेली उष्णता बरीचशी परत मिळत असल्याने वीज कमी लागते. ८ किलोच्या पूर्ण भरलेल्या साध्या यंत्राला जिथे ४ ते ५ युनिट लागतात, तिथे याला दीड ते दोन युनिट पुरतात. हवेचे तापमान साधारण ५० ते ६० अंशांपर्यंतच जाते, त्यामुळे कपडे कमी झिजतात आणि खोलीही फारशी तापत नाही. उणिवा दोन : खरेदी महाग आणि चाल संथ. पूर्ण भरलेला सुती कपड्यांचा एक फेरा, म्हणजे वाळवण्याची एक पाळी, अडीच-तीन तासही घेते. शिवाय बंद न केलेल्या गॅलरीसारख्या अगदी थंड जागेत, तापमान ५ अंशांच्या खाली गेल्यास, तो नीट काम करत नाही. स्वयंपाकघरात ती अडचण येत नाही, उलट याच जागेला हा प्रकार सर्वाधिक शोभतो.

वॉशर-ड्रायर. धुणे आणि वाळवणे एकाच यंत्रात. जागा एकाच यंत्राची असेल तर दुसरा मार्ग उरत नाही, परंतु किलोचा आकडा नीट वाचावा. मोठ्या अक्षरांतील ८ किलो हे धुण्याचे असतात, वाळवण्याचे सहसा ४ ते ५. म्हणजे प्रत्येक धुण्यातील निम्मे कपडे बाहेर काढून दोनदा वाळवावे लागतात, किंवा मुळातच निम्मे धुवावे लागते. शिवाय अनेक जुन्या रचनांत वाफ थंड करण्यासाठी नळाचे पाणी खर्च होते. आणि एक बिघाड झाला की धुणेही बंद आणि वाळवणेही बंद.

४. जागा मोजा, आणि यंत्राच्या मापापेक्षा जास्त मोजा

पूर्ण आकाराचा ड्रायर साधारण ६० सेंटिमीटर रुंद, ८५ सेंटिमीटर उंच आणि ५५ ते ६५ सेंटिमीटर खोल असतो. लहान यंत्रे सुमारे ५० सेंटिमीटर रुंद आणि ६० ते ७० उंच असतात. ती ओट्यावर, मजबूत मांडणीवर किंवा कंपनीने दिलेल्या आधारांवर भिंतीला टांगून बसवता येतात.

माहितीपत्रकातील खोली हा सर्वांत फसवा आकडा आहे. त्यात पुष्कळदा दाराचा फुगवटा धरलेला नसतो, मागे वळणारी नळी धरलेली नसते आणि प्लगची जाडी तर कधीच धरलेली नसते. या तिन्हींसाठी मिळून ५ ते १० सेंटिमीटर अधिक लागतात. ६० सेंटिमीटरच्या ओट्याखाली ६० सेंटिमीटर खोलीचे यंत्र ठेवले की त्याचे तोंड रस्त्यात येते आणि येता-जाता गुडघ्याला लागते. सॉकेट यंत्राच्या बरोबर मागे नसावे, बाजूच्या कपाटात असावे. म्हणजे जागा वाचते आणि गरज पडल्यास यंत्र न सरकवता प्लगही काढता येतो.

मग दार. ते कोणत्या बाजूला उघडते आणि बिजागरी बदलता येते का, हे विचारावे. उघडलेले दार फ्रीजच्या, ओव्हनच्या किंवा स्वयंपाकघराच्या दाराला अडते का, हे जमिनीवर खडूने किंवा चिकटपट्टीने यंत्राची आणि दाराच्या फेऱ्याची रेघ आखून पाहावे. रेघेच्या आत टोपली घेऊन वाकून पाहावे. कपडे काढायला माणसाला समोर पाऊण ते एक मीटर जागा लागते, आणि हे कागदावर कधीच लक्षात येत नाही.

ओट्याखाली बसवायचे असेल तर कंपनी बाजूंना आणि मागे किती फट मागते ते पुस्तिकेत पाहावे. कंडेन्सर आणि हीट पंप यंत्रांना समोरून किंवा खालून हवा लागते. तळाची जाळी पट्टीने झाकली तर फेरा लांबतो आणि यंत्र तापून बंद पडू लागते. दार लावून झाकायच्या बंद कपाटात साधा ड्रायर कोंबू नये.

जमिनीवर जागाच नसेल तर पुढून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनवर ड्रायर चढवता येतो. एकूण उंची १७० सेंटिमीटरच्या आसपास जाते. नेहमी ड्रायर वर आणि वॉशिंग मशीन खाली. मध्ये त्या दोन यंत्रांना जुळणारी जोडपट्टी, म्हणजे स्टॅकिंग किट, लागतेच. नुसता रबरी गालिचा टाकून चालत नाही, कारण पिळण्याच्या वेगाला यंत्र थरथरते आणि ४० ते ५५ किलोंचे वरचे यंत्र हळूहळू कडेकडे सरकते. किट वेगळे विकत घ्यावे लागते आणि सगळ्या मॉडेलना एकच चालत नाही, म्हणून त्याची किंमत ड्रायरच्या किमतीत धरूनच तुलना करावी. वरच्या यंत्राची पाण्याची टाकी बहुतेकदा सर्वांत वर असते. घरातील बुटक्या माणसाला ती भरलेली टाकी न सांडता खाली घेता येईल का, याचाही विचार करावा.

सांडपाण्याचा पाइप जवळ असेल तर हा प्रश्नच मिटतो. अनेक कंडेन्सर आणि हीट पंप यंत्रांना टाकीऐवजी नळी जोडून पाणी थेट सिंकखालच्या पाइपात सोडता येते. ही नळी यंत्रासोबत येते का, आणि पंप किती उंचीपर्यंत पाणी चढवतो, हे विचारून घ्यावे. स्वयंपाकघरात ड्रायर ठेवण्याचा खरा फायदा हाच आहे, आणि तो बहुतेक लोक वापरत नाहीत.

शेवटी इमारतीचे प्रवेशद्वार, लिफ्ट, जिन्याचे वळण आणि स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मोजावी. वेष्टनासह यंत्र प्रत्येक बाजूने काही सेंटिमीटर मोठे असते.

५. वीजजोडणी तपासा

साधा ड्रायर २००० ते २७०० वॉट घेतो. २३० व्होल्टला २४०० वॉट म्हणजे १० अँपिअरहून अधिक, आणि तेही सलग तास-दीड तास. त्याच वायरिंगवर पाण्याची किटली, ओव्हन किंवा गीझर असेल तर दोन्ही एकदम लावताच एमसीबी पडतो. हीट पंपाचे यंत्र साधारण ६०० ते १००० वॉटमध्ये भागवते, त्यामुळे जुन्या वायरिंगच्या घरात तोच शहाणपणाचा पर्याय ठरतो. ड्रायर कधीही एक्स्टेंशन बोर्डावर लावू नये. बोर्डाची वायर बारीक असते, ती तापते, आणि यंत्राच्या मागे लव साचलेली असते. सॉकेटला अर्थिंग आहे याची इलेक्ट्रिशियनकडून खात्री करून घ्यावी. सिंक जवळ असेल तर गळतीच्या प्रवाहावर बंद होणारे सुरक्षा स्विच बसवलेले असणे गरजेचे आहे.

६. स्वस्त म्हणजे किती, हे कागदावर मांडा

येथे भावनेला वाव नाही, फक्त गुणाकार आहे. दोन यंत्रांच्या किमतीतील फरक घ्यावा. एका फेऱ्यात किती युनिट वाचतात ते पाहावे. वर्षाला होणाऱ्या फेऱ्यांनी त्याला गुणावे, मग आपल्या बिलावरील प्रति युनिट दराने गुणावे. किमतीतील फरकाला या रकमेने भागले की महाग यंत्र किती वर्षांत पैसे फेडते ते कळते. आठवड्याला तीन फेरे, म्हणजे वर्षाला सुमारे १५०, आणि दर फेऱ्याला २ युनिट बचत धरली तर वर्षाला ३०० युनिट वाचतात. उत्तर चार-पाच वर्षांच्या आत आले तर हीट पंप घ्यावा. आठवड्याला एखादाच फेरा होत असेल आणि नळी बाहेर नेण्याची पक्की सोय असेल, तर लहान व्हेंटेड यंत्रच स्वस्त पडते. पहिल्या पायरीत केलेली नोंद येथे कामी येते.

लेबल वाचताना सावध राहावे. युरोपीय संघात १ जुलै २०२५ पासून ड्रायरना ‘ए’ ते ‘जी’ अशा नव्या श्रेणीचे लेबल लागू झाले आहे. त्याआधी ‘ए+++’ ते ‘डी’ अशी श्रेणी होती. जुन्या लेबलावर वर्षाचे, म्हणजे १६० फेऱ्यांचे, युनिट छापलेले असत आणि नव्यावर १०० फेऱ्यांचे असतात. शिल्लक मालातील जुने ‘ए+++’ यंत्र नव्या ‘सी’ यंत्रापेक्षा सरस आहे, असा अर्थ लावणे चूक आहे. दोन्हींचे एका फेऱ्याचे युनिट काढून मगच तुलना करावी. याच लेबलांवर कंडेन्सर प्रकारासाठी वाफ अडवण्याची श्रेणीही असते. लहान स्वयंपाकघरात ती विजेच्या श्रेणीइतकीच महत्त्वाची मानावी.

किलोंबद्दल थोडक्यात : ड्रायर वॉशिंग मशीनइतकाच किंवा त्याहून थोडा मोठा असावा, कारण कपड्यांना ड्रममध्ये उसळायला जागा लागते. ठासून भरलेले कपडे बाहेरून वाळतात, आतून ओले राहतात आणि चुरगळतात.

पैसे वाचवायचे तर मोबाइलवरून चालवण्याची सोय, ड्रममधील दिवा, वाफेने इस्त्रीचे कार्यक्रम यांवर वाचवावेत. ओलावा ओळखणाऱ्या सेन्सरवर वाचवू नयेत. ड्रमच्या आत, दाराजवळ, धातूच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी दिसतात. ओला कपडा दोन्हींना टेकला की त्यातून अगदी सूक्ष्म प्रवाह वाहतो, कपडा वाळला की तो थांबतो आणि यंत्र बंद होते. नुसत्या टायमरचे यंत्र मात्र कपडे वाळून कडक झाले तरी लावलेली वेळ संपेपर्यंत फिरत राहते.

७. सोबत ठेवायची साधने आणि कागद

• मापपट्टी, पाणसळ, खडू किंवा चिकटपट्टी, आणि वजनकाटा
• जागेची मापे, सॉकेट आणि सांडपाण्याच्या पाइपाचे अंतर लिहिलेला कागद, तसेच त्या जागेची छायाचित्रे
• वॉशिंग मशीनचे पूर्ण मॉडेल नाव (स्टॅकिंग किट जुळवण्यासाठी)
• अलीकडचे वीजबिल
• भाड्याचे घर असल्यास भोक पाडण्याची किंवा पाइप जोडण्याची घरमालकाची लेखी परवानगी
• खरेदीनंतर : बिल, वॉरंटी कार्ड, अनुक्रमांकाचे छायाचित्र आणि परत करण्याच्या अटी

तोंडी परवानगीवर भिंत फोडू नये. घर सोडताना अनामत रकमेतून नेमकी तीच दुरुस्ती वजा होते.

८. जुने यंत्र घेत असाल तर

वापरलेला व्हेंटेड ड्रायर हा चांगला सौदा ठरू शकतो, कारण त्यात बिघडण्याजोगे भाग थोडे असतात आणि पट्टा, हीटर, बेअरिंग हे सहसा बदलता येतात. वापरलेल्या हीट पंपाबाबत मात्र हात आखडता घ्यावा. आतील वायू गळला असेल तर यंत्र फिरते, आवाजही करते, पण कपडे वाळत नाहीत, आणि ती दुरुस्ती बहुधा यंत्राच्या किमतीला भिडते.

पाहायला जाताना एक ओला, घट्ट पिळलेला टॉवेल पिशवीत न्यावा आणि तो घालून यंत्र वीस मिनिटे चालवून दाखवायला सांगावे. ड्रम हाताने फिरवून घरघर किंवा खरखर ऐकू येते का ते पाहावे. दाराच्या कडेचे रबर बोटाने चाचपावे. लव अडवणारी जाळी काढून तिच्या खालच्या खाचेत टॉर्च मारावी. तिथे नमद्यासारखा जाड थर बसलेला असेल तर मालकाने बाकीची निगाही तशीच राखली असणार. मॉडेल आणि अनुक्रमांक घेऊन कंपनीने ते यंत्र सुरक्षेच्या कारणावरून परत मागवलेले नाही ना, हे कंपनीच्या संकेतस्थळावर तपासावे.

९. बसवणे आणि पहिले काही फेरे

हीट पंपाचे यंत्र वाहतुकीनंतर काही तास उभे ठेवून मगच सुरू करावे, म्हणजे कॉम्प्रेसरमधील तेल जागेवर येते. आडवे आणले असेल तर पुस्तिकेत सांगितलेला, सहसा पूर्ण दिवसाचा, अवधी द्यावा. चारही पाय पाणसळीने समतल करावेत. तिरक्या यंत्रात पाणी टाकीकडे नीट वाहत नाही. व्हेंटेडची नळी शक्य तितकी आखूड आणि सरळ ठेवावी. प्रत्येक वळण हवेचा वेग कमी करते आणि तिथेच लव अडकते.

परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एक चाचणी अवश्य करावी. कपडे ड्रायरमध्ये घालण्याआधी वजन करावे आणि वाळल्यावर पुन्हा करावे. दोन वजनांतील फरक म्हणजे कपड्यांतून निघालेले पाणी. आता टाकीतील पाणी मोजावे. दोन किलो फरक असताना टाकीत दीड लिटरहून बरेच कमी पाणी भरत असेल, तर उरलेले सगळे स्वयंपाकघराच्या हवेत गेले आहे. कंडेन्सर, म्हणजे दमट हवा थंड करणारा भाग, नीट बसवलेला नसणे किंवा दाराचे रबर सैल असणे ही याची नेहमीची कारणे. आधी ती तपासावीत आणि तरीही फरक राहिला तर मुदतीतच तक्रार नोंदवावी.

१०. निगा, आणि स्वयंपाकघरापुरत्या काही सक्त गोष्टी

जाळीवरील लव प्रत्येक फेऱ्यानंतर काढायची. याला अपवाद नाही, कारण ड्रायरला आग लागण्याच्या प्रमुख कारणांपैकी साचलेली लव हे एक आहे. टाकी रिकामी करावी. ते पाणी पिऊ नये, फरशी पुसायला चालते. कंडेन्सर सुटा असेल तर महिन्यातून एकदा नळाखाली धुवावा. हीट पंपात तो बहुधा आतच बसवलेला असतो, त्याच्या पुढचा स्पंज धुवावा आणि पाती मऊ ब्रशने, वाकणार नाहीत अशा बेताने झाडावीत. स्वयंपाकघरातील यंत्राच्या पात्यांवर नुसती लव नसते, तळणीचा तेलकट अंश तिच्यात मिसळून राखाडी, चिकट थर तयार होतो आणि तो कोरड्या ब्रशला दाद देत नाही. म्हणून तळण चालू असताना ड्रायर चालवू नये आणि शेगडीच्या अगदी शेजारची जागा टाळावी. कपडे मऊ करणाऱ्या द्रवाचा पातळ थर सेन्सरच्या पट्ट्यांवर बसतो आणि मग कपडे ओले असतानाच यंत्र थांबते. पट्ट्या व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसल्या की ते पूर्ववत चालते.

नव्या हीट पंप यंत्रांत आर२९० हा वायू, म्हणजे प्रोपेन, थोड्या प्रमाणात वापरलेला असतो. तो ज्वलनशील आहे. तो बंद नळ्यांत असल्याने रोजच्या वापरात चिंता नाही, पण हवेच्या जाळ्या झाकू नयेत आणि मागच्या भागात टोकदार काही खुपसू नये.

तेल पुसलेली फडकी हा स्वयंपाकघरातील शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित धोका. खाद्यतेलाचा अंश साध्या धुण्याने पूर्णपणे निघत नाही. ड्रायरमध्ये तापल्यावर ते तेल हवेशी संयोग पावत राहते आणि ढिगाच्या आत उष्णता वाढत जाते. अशी फडकी यंत्र थांबल्यानंतरही आपोआप पेटू शकतात. फेऱ्याच्या शेवटी उष्णता बंद करून नुसता ड्रम फिरवण्याचा जो टप्पा असतो, तो याचसाठी असतो. घाई म्हणून यंत्र मध्येच थांबवून कपडे आत तसेच ठेवू नयेत. थांबवावेच लागले तर कपडे लगेच बाहेर काढून पसरावेत. तेलकट फडकी बाहेर दोरीवर वाळवावीत, आणि घरातील सगळे झोपलेले किंवा बाहेर गेलेले असताना ड्रायर लावू नये.